जांभळी शाई आणि मावळातले कागद

दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठात पवन मावळातल्या एका घरी जुने कागद पाहायला गेलो होतो. धरणाच्या पाण्यात मूळ गाव गेल्यावर वरच्या अंगाला वसलेल्या वस्तीतले ते घर. घरातल्या आजींनी पत्र्याची ट्रंक पुढे ओढली. लुगड्याच्या फडक्यात बांधलेले आठ-दहा कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले. शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या, सोसायटीची जुनी पासबुके होती, एक लग्नपत्रिका होती आणि तळाशी भूसंपादनाची एक नोटीस होती.

नोटिशीचा छापील मजकूर शाबूत होता. 'भूमिसंपादन अधिनियम १८९४, कलम ९' ही ओळ लख्ख वाचता येत होती. पण त्या छापील नमुन्यातल्या रिकाम्या जागा जिथे हाताने भरल्या होत्या, तिथे नुसते जांभळे ढग होते. सर्व्हे नंबर, क्षेत्र, खातेदाराचे नाव, तारीख या चारही गोष्टी त्या ढगात बुडालेल्या. खालचा गोल शिक्का पसरून जांभळाएवढा डाग उरलेला.

"पाणी भरलं तवा भर पावसात हितं आलो, भाऊ," आजी म्हणाल्या. "पोरं डोक्यावं, ट्रंक डोक्यावं. कागुद भिजलं त्याला कोन काय करनार? सायबानं जांभळ्या पेन्सलीनं लिवलं व्हतं. आता हापिसात गेलं तर म्हनत्यात, ह्यात काय दिसतच न्हाई."

पवना धरणात पाणी अडवले गेले ते १९७२ च्या सुमारास. पुनर्वसनाच्या मागण्या त्यानंतर अर्धशतक चालूच राहिल्या. अशा प्रकरणात 'आमची जमीन गेली' एवढे तोंडी सांगून भागत नाही. कोणता नंबर, किती एकर, किती गुंठे हे दाखवावे लागते. या घराकडे ते दाखवणारा एकुलता एक कागद होता आणि तो जांभळ्या रंगात विरघळला होता.

घरी परतताना एकच प्रश्न मनात राहिला. ज्या कागदावर एखाद्या कुटुंबाची जमीन अवलंबून आहे, तो कागद सरकारने पाण्याने विरघळणाऱ्या, उन्हाने उडणाऱ्या रंगात का लिहावा? काळी शाई तर आपल्याकडे हजार वर्षे होती. या प्रश्नाचा माग काढता काढता जे हाती लागले ते या लेखात मांडतो आहे.

माझी या विषयातली आस्था निखळ अभ्यासकाची नाही, हेही आधीच सांगितलेले बरे. गेली वीसेक वर्षे मी स्वतः जांभळ्या शाईने लिहितो. त्यामागे सोय आहे. जुन्या कागदाची नक्कल उतरवताना मूळ मजकूर काळ्या शाईने लिहायचा आणि त्यावरचे माझे शेरे, शंका, अंदाज जांभळ्याने, अशी सवय लावून घेतली. पुढे वही उघडली की कागद काय म्हणतो आणि मी काय म्हणतो यांत गल्लत होत नाही. काळ्याशेजारी निळा पुरेसा वेगळा दिसत नाही, लाल डोळ्याला टोचतो, हिरवा दिव्याखाली फिका पडतो. जांभळा मात्र वेगळा दिसतो आणि तरी वाचायला सोपा जातो.

या सवयीने मला एकदा चांगलाच दगा दिला. नाणे मावळातल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी सलग तीन दुपारी जुन्या वाटा, पडक्या वाड्या, बदललेली गावनावे असे बरेच काही सांगितले होते. त्यात नक्कल करण्यासारखा मूळ कागद नव्हता, म्हणून सगळी टिपणे जांभळ्या शाईनेच घेतली. आषाढातल्या एका संध्याकाळी लोणावळा स्टेशनावर उतरलो तेव्हा पिशवीत पाणी शिरले होते. बावीस पानांपैकी नऊ पाने कोरी झाली होती. पुसट झाली असती तर काही वाचता आले असते. ती नुसती फिकट जांभळी, एकसारखी रंगलेली होती. पुन्हा विचारायला जाईपर्यंत ते गृहस्थ गेले होते. त्यामुळे आजींच्या नोटिशीवरचे जांभळे ढग पाहिले तेव्हा ते मला अनोळखी वाटले नाहीत.

काजळी आणि हिरडा

पुण्याच्या पुराभिलेखागारातला पेशवे दप्तराचा कोणताही रुमाल सोडावा. अडीचशे वर्षांपूर्वीचे मोडी अक्षर आजही काळेभोर दिसते. कागद पिवळा पडलेला असतो, कडा कसरीने खाल्लेल्या असतात, पण अक्षराचा रंग उडालेला नसतो. कारण ती शाई काजळीची. दिव्याची काजळी धरायची, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात ती दिवसचे दिवस खलायची आणि दौतीत भरायची. काजळी म्हणजे कोळसा. त्याला ऊन काही करत नाही, हवाही काही करत नाही. पाण्याने डिंक सुटून अक्षर फरफटू शकते, पण काळे कण बहुधा कागदाच्या धाग्यांत अडकून राहतात.

दुसरी काळी शाई झाडपाल्याची. हिरडा कुटून पाण्यात उकळायचा, त्यात हिराकस घालायचा. हिरड्यातले तुरट द्रव्य आणि हिराकसातले लोह एकत्र आले की काळा रंग धरतो. लोखंडी कढईत हिरडा उकळला तर हिराकस घालण्याआधीच पाणी काळवंडते, हे गावाकडच्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. युरोपात हीच क्रिया ओक झाडावरच्या गाठींपासून करत आणि तिकडच्या दस्तांची शाई शतकानुशतके तीच होती. हिराकस जास्त झाला तर ही शाई कागद खाते, हा तिचा दोष. पण लिहिलेले ती सहजासहजी सोडत नाही, कारण रंग कागदाच्या आतच तयार होतो.

हिरडा हे आपल्या सह्याद्रीचे धन. आंदर मावळाच्या वरच्या अंगापासून आंबेगाव-जुन्नरपर्यंत डोंगरातले लोक आजही हिरडा वेचतात; कोवळ्या बाळहिरड्याला चांगला भाव येतो. एकोणिसाव्या शतकात तो मुंबई बंदरातून पोत्यांनी इंग्लंडला जाई, तिथल्या कातडे कमावण्याच्या कारखान्यांसाठी. टिकाऊ शाईचा कच्चा माल इथून बोटीने बाहेर जात होता त्याच काळात परदेशातून एक नवा रंग याच बंदरात उतरू लागला होता. तो जांभळा होता.

एका चुकीतून निघालेला रंग

जांभळा हा पूर्वी गरिबाचा रंग नव्हता. भूमध्य समुद्रातल्या शिंपल्यांपासून तो काढत. एका वस्त्रासाठी हजारो शिंपले लागत. इसवी सन ४७० च्या सुमारास पूर्व रोमन सम्राट लिओ याने कायदाच केला की शिंपल्याच्या जांभळ्या शाईने फक्त सम्राट सही करील. इतर कोणी ती शाई बाळगणेही गुन्हा ठरला.

सम्राटाची ही मिरास मोडली ती १८५६ साली, लंडनमधल्या एका अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने. विल्यम हेन्री पर्किन सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत हिवतापावरचे क्विनाइन कृत्रिम रीतीने तयार करू पाहत होता. क्विनाइन झाले नाही. डांबरातून निघणाऱ्या अॅनिलिनपासून भांड्याच्या तळाशी काळा गाळ उरला, तो स्पिरिटने धुताना सुंदर जांभळा रंग उतरला. डांबरापासून रंग करण्याचा सारा उद्योग इथून सुरू झाला. १८६१ मध्ये शार्ल लोथ या फ्रेंच रसायनज्ञाने मिथाइल व्हायोलेट तयार केला आणि १८८३ मध्ये त्याचाच शुद्ध भाऊबंद, क्रिस्टल व्हायोलेट, निघाला. शाईच्या इतिहासात पर्किनच्या रंगापेक्षा या दोघांचे महत्त्व अधिक. ते स्वस्त होते, पाण्यात सहज विरघळत आणि चिमूटभर पुडीने बादली रंगत असे.

याच सुमारास मावळात रेल्वे येत होती. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली. बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये खुला झाला. तोवर उतारू खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत पालखीने किंवा तट्टावरून घाट चढत. रेल्वे आली म्हणजे रूळ आले तसे कागदही आले. मालाची पावती, गार्डाची नोंद, स्टेशनमास्तरचा अहवाल यांपैकी प्रत्येक कागदाची एक प्रत इथे हवी आणि एक तिथे. मोडी लिहिणारा कारकून मसुद्याची नक्कल हाताने करी. नव्या कारभाराला तेवढी फुरसत नव्हती.

नक्कल काढण्याचे एक यंत्र जेम्स वॉटने १७८० मध्येच काढले होते. ताज्या शाईच्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून दाबायचा, म्हणजे शाई थोडी वर उतरते. पण जुन्या लोहशाईची एखाददुसरी प्रतच धड निघे. मिथाइल व्हायोलेटच्या शाईने हे चित्र पालटले. तो रंग ओलाव्याला इतका लगेच सुटतो की एका पत्रावरून अनेक प्रती उठत. पुढे सरस आणि ग्लिसरीनची थलथलीत पाटी आली. जांभळ्या शाईने लिहिलेला कागद तिच्यावर पालथा घालून उचलायचा, मग कोरे कागद एकामागून एक दाबायचे. चाळीस-पन्नास प्रती सहज मिळत. शाळेच्या प्रश्नपत्रिका, सभांची निमंत्रणे, हस्तलिखित पत्रके अशी निघत.

माझ्या प्रश्नाचे पहिले उत्तर इथे मिळाले. कचेरीत जांभळा रंग आला तो कुणाला आवडला म्हणून आला नाही. तो पाण्याने सुटत होता म्हणून आला. नक्कल देण्याचा त्याचा गुण आणि ट्रंकेतल्या कागदावर पसरण्याचा त्याचा दोष ही एकच गोष्ट आहे.

कॉपिंग पेन्सिल

आजी जिला 'जांभळी पेन्सल' म्हणाल्या ती कॉपिंग पेन्सिल. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना ती आठवत असेल. कोरडी असताना करडी उमटायची, जिभेला लावली की जांभळी. पोस्टात, रेल्वेत, मोजणीदाराच्या आणि तलाठ्याच्या खिशात ती असे, आणि दिवसभर लिहिणाऱ्या कारकुनाचे ओठ संध्याकाळी जांभळे दिसत. १८७० च्या दशकात युरोपात ती निघाली. शिशाच्या पेन्सिलीतले ग्राफाइट, थोडी चिकणमाती आणि त्यात अॅनिलिनचा जांभळा रंग, असे तिचे मिश्रण.

तिची सोय मोठी होती. बांधावर उभ्याने लिहिताना दौत कुठे ठेवायची? टाक बुडवायचा कसा? साध्या पेन्सिलीने लिहावे तर कोणीही खोडून आकडा बदलील. कॉपिंग पेन्सिलीचे अक्षर रबराने खोडले जात नाही. ओले करून पुसू गेले तर डाग पडतो आणि लबाडी उघडी पडते. शिवाय जोर देऊन लिहिता येते, त्यामुळे खालच्या कार्बनवर प्रत उमटते. खाडाखोड होऊ नये यासाठी निवडलेले हे साधन होते. चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या घाटमाथ्यावर तो कागद पुढे पन्नास वर्षे कुणाच्या तरी ट्रंकेत राहणार आहे, हा विचार ते निवडणाऱ्याच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. त्याची प्रत कचेरीच्या कपाटात कोरडी राहणार होती.

मावळाने जमीन एकदाच दिलेली नाही. खोपोलीच्या वीजकेंद्रासाठी टाटांनी लोणावळा, वळवण, शिरवता ही तळी बांधली. खोपोलीची वीज १९१५ पासून मुंबईला मिळू लागली. १९२२ च्या सुमारास भिवपुरीच्या केंद्रासाठी ठोकरवाडीचे पाणी अडवले. शेजारच्या मुळशी पेट्यात याच काळात सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, तो महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुढे पवना झाले. या साऱ्या काळात कायदा एकच होता, १८९४ चा. कलम ४ ची अधिसूचना, कलम ९ ची नोटीस, कलम ११ चा निवाडा, कलम १२ ची निवाड्याची सूचना अशी ती उतरंड. सरकारजवळ निवाड्याची पक्की प्रत राही आणि खातेदाराजवळ नोटिशीचा चिठोरा. दोन्ही बाजूंचा पुरावा एकाच टिकाऊपणाचा नव्हता. मला यात कोणाचा कट दिसत नाही. पण ज्याला कागद जपण्याची सोय कमी त्याच्याच वाट्याला विरघळणारा कागद यावा, ही गोष्ट नुसती शाईच्या रसायनाची म्हणून सोडून देता येत नाही.

जांभळ्याचे बाकीचे संसार वाचकांच्या परिचयाचे आहेत. शिक्क्याची गादी आजही जांभळीच. लहानपणी फुटलेल्या गुडघ्याला किंवा तोंड आल्यावर लावायचे जेन्शन व्हायोलेट म्हणजे हेच रंग. जंतू मारण्याचा गुण त्यांच्या अंगी आहे. मतदानानंतर बोटावर उमटणारी खूण मात्र वेगळ्या जातीची. १९६२ च्या तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात ती शाई तयार होते. तिचा टिकाऊपणा तिच्यातल्या सिल्व्हर नायट्रेटमुळे आहे. ते कातडीशी एकजीव होऊन उजेडात काळवंडते. म्हणजे जिथे पुसले जाता कामा नये अशी खूण हवी होती, तिथे सरकारने नुसत्या जांभळ्या रंगावर भिस्त ठेवली नाही.

स्वदेशी दौतीतली शाई

स्वदेशीच्या चळवळीत मावळाचा वाटा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून उभ्या केलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाड्यात १९०८ साली काच कारखाना निघाला. काच इथे होऊ लागली, पण रंगाचे तसे नव्हते. डांबरापासूनच्या रंगांवर जर्मन कारखान्यांची पकड होती. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि जर्मन रंग येईनासा झाला, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांपासून रंगाऱ्यांपर्यंत सगळ्यांची तारांबळ उडाली.

पुढे १९३१ मध्ये दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी गिरगावात शाईची पूड आणि वड्या तयार करायला सुरुवात केली. आधी घोडा छाप आणि मग उंटाचे चित्र असलेली कॅमल शाई. कॅमलिनचा जन्म तो. बंगालमध्ये १९३४ मध्ये मैत्र बंधूंनी सुलेखा काढली. या देशी शाया मुख्यतः निळ्या-काळ्या होत्या, कारण शाळेला आणि कचेरीला तेच रंग मान्य होते. जांभळी शाई असे ती हौशी लेखकाच्या टेबलावर. पार्करच्या क्विंक शाईत एके काळी पक्का जांभळा रंग मिळे. पुढे चेलपार्क आणि ब्रिल यांनीही जांभळ्या बाटल्या काढल्या. फ्रान्समध्ये याच्या उलट. तिथल्या शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्या बाकातल्या दौतीतल्या जांभळ्या शाईनेच लिहायला शिकल्या. आमच्या शाळेत जांभळ्या शाईने उत्तरपत्रिका लिहिली असती तर मास्तरांनी ती परत केली असती.

वर्षभराची तुलना

रोजच्या लिखाणाला कोणती जांभळी शाई घ्यावी, याचे उत्तर नऊ पाने गमावल्यावर तरी मला शोधणे भागच होते. आजींच्या नोटिशीनंतर ते नीट शोधायचे ठरवले. अप्पा बळवंत चौकातून आणि ओळखीपाळखीतून सहा जांभळ्या शाया जमवल्या. सातवी कॉपिंग पेन्सिलीची एक जुनी कांडी आणि आठवी शिक्क्याच्या गादीची शाई. एकाच टाकाने, एकाच साध्या कागदावर आठही प्रकारांनी एकच ओळ लिहिली आणि तिच्या तीन पट्ट्या केल्या. एक कपाटात, एक दक्षिणेच्या खिडकीत, एक आठवड्याने पाण्यात. ज्येष्ठापासून ज्येष्ठापर्यंत. प्रयोगशाळेची शिस्त याला नाही, हे मान्य. नावे मुद्दाम देत नाही, कारण कारखाने अधूनमधून रंग बदलतात आणि आजची बाटली उद्याच्या बाटलीची हमी देत नाही. जाती मात्र सांगता येतात.

पहिली जात साध्या रंगाच्या शायांची, देशी आणि विदेशी मिळून चार बाटल्या. लिहायला या सर्वांत सुखाच्या. टाक तुंबत नाही, रंग प्रसन्न. एकीत लाली अधिक, पिकल्या करवंदाची. एकीत निळाई अधिक, जांभळाच्या सालीची. किमतीतला फरक छटेत आणि अक्षराच्या कडेच्या नेटकेपणात दिसला, टिकाऊपणात नाही. पाण्यात चारही मिनिटभरात सुटल्या. खिडकीतल्या पट्ट्या दिवाळीपर्यंत निम्म्यावर आल्या आणि उन्हाळा संपेतो दोन जवळपास दिसेनाशा झाल्या. कपाटातल्या मात्र चारही जशाच्या तशा राहिल्या.

दुसरी जात रंगकणांची. हिच्यात रंग विरघळलेला नसतो, बारीक कण तरंगत असतात. एका अर्थी काजळीच्या शाईचीच ही जांभळी बहीण. पाण्याने ती हलली नाही, उन्हाने थोडी फिकी झाली. दोष एकच, पेन आठ दिवस बंद राहिले की धुवावे लागते.

तिसरी जात लोहशाईची. जर्मनीत अजून एक-दोन जुने कारखाने जांभळ्या छटेची लोहशाई करतात. लिहिताना ती मळकट जांभळी, दोन दिवसांनी करडी-जांभळी. पाण्यात टाकली तेव्हा जांभळेपण निघून गेले, पण करडे अक्षर जागेवर राहिले आणि ओळ वाचता आली.

शिक्क्याची शाई खिडकीत निळसर होत गेली आणि कडेने विरली. नुसता उजेडही या जुन्या जांभळ्याचे काय करतो याचे मोठे उदाहरण व्हॅन गॉगचे. १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या माँमाजूरच्या टेकडीची रेखाटने त्याने केली, त्यांतली जांभळी शाई आज तपकिरी दिसते.

नववी शाई मी स्वतः केली. आंदर मावळातून आणलेला मूठभर हिरडा कुटून लोखंडी कढईत उकळला, गाळला, चिमूट हिराकस आणि बाभळीचा डिंक घातला. पातळ असताना ती कागदावर उतरली तेव्हा तिला स्पष्ट जांभळट झाक होती. दुसऱ्या दिवशी अक्षर काळे झाले. पाण्यात आणि उन्हात ते राहिले. फाउंटन पेनात ती घालू नये, गाळ धरते. बोरूने किंवा टाकाने लिहावी.

यातून स्वतःपुरता नियम केला. शेरे, पत्रे, रोजनिशी, पुस्तकाच्या समासातली टिपणे यांना साधी जांभळी शाई खुशाल वापरावी. वही मिटली की तिला काही होत नाही. दुसऱ्याने सांगितलेले, जे पुन्हा विचारता येणार नाही, ते रंगकणांच्या नाहीतर लोहाच्या शाईने लिहावे. आणि सही, दस्त, इच्छापत्र या गोष्टी काळ्यानेच कराव्यात.

ढगाखालचा आकडा

या साऱ्या उपद्व्यापात आठव्या महिन्यात एक उपयोगी गोष्ट सापडली. कॉपिंग पेन्सिलीची पट्टी पाण्यातून काढून वाळवली होती. वरून पाहता ती नुसता जांभळा डाग होती. रात्री टेबलाच्या दिव्याजवळ तिरपी धरली तेव्हा डागाखाली करडी अक्षरे चमकली. रंग पाण्याने वाहून गेला होता, पण पेन्सिलीतले ग्राफाइट कुठे जाणार? ते विरघळत नाही. शिवाय लिहिताना दिलेल्या जोराची खाच कागदात राहिलेली असते.

दुसऱ्या दिवशी टॉर्च आणि भिंग घेऊन पवन मावळ गाठले. आजींच्या घराची खिडकी लावून घेतली, नोटीस पाटावर ठेवली आणि टॉर्च कागदाच्या पातळीत आडवी धरली. शिक्का हाती लागला नाही. तो नुसत्या रंगाचा होता, तो गेला तो गेलाच. पण हाताने भरलेल्या जागांत खाचा होत्या. नाव आधी लागले, कारण ते ठाऊक होते. मग सर्व्हे नंबरचे तीन आकडे, हिस्सा नंबर, आणि शेवटी क्षेत्र. एकरांचा आकडा पक्का, गुंठ्यांचा एक आकडा १ की ७ हे ठरेना. आजींच्या नातवाने मोबाइलवर प्रत्येक कोनातून फोटो काढले. आजी दारात बसून होत्या. नंबर मोठ्याने वाचला तेव्हा त्या म्हणाल्या, "व्हय, त्योच. खालच्या ओढ्याकडचा."

तेवढ्याने हक्क सिद्ध होत नाही. पण कोणती फाइल मागायची ते कळले. नंबर घालून निवाड्याच्या नकलेसाठी अर्ज केला. चार-पाच हेलपाट्यांनंतर, गेल्या माघात, प्रमाणित नक्कल हाती आली. त्या नंबरापुढे आजींच्या सासऱ्यांचे नाव होते आणि गुंठ्यांचा तो आकडा ७ होता. पुढचे प्रकरण अजून चालू आहे; त्याचा निकाल काय लागेल याबद्दल मी बोलू शकत नाही.

नक्कल दाखवायला गेलो तेव्हा आजींनी ती हातात घेऊन उजेडाकडे धरली. अक्षरे त्यांना वाचता येत नाहीत. त्यांनी बोट ठेवले ते तळाच्या गोल शिक्क्यावर. तो ताजा होता, ठसठशीत, आणि जांभळाच होता.

"ह्यो परत जांभळाच?" त्यांनी विचारले.

मी हो म्हणालो. नातवाला त्या कागदाच्या दोन छायाप्रती काढायला सांगितल्या, मूळ प्रत लखोट्यात घालून ट्रंकेत नव्हे तर वरच्या फळीवर कोरड्या डब्यात ठेवायला लावली. लखोट्यावर गावाचे नाव, सर्व्हे नंबर, हिस्सा, क्षेत्र आणि निवाड्याची तारीख लिहिली. पिशवीत दोन्ही पेने होती. काळे काढले.